फक्त नव्यांसाठी

एका पायानं अधू असलेला हणमंत सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होता. स्वतःला काम होतं, पण आपल्यासारखी कितीतरी माणसं घरात बसून आहेत हे त्याला बघवत नव्हतं. म्हणून कुबडी टेकत त्यानं मोर्चे काढले, आमदारांच्या दारात उन्हातान्हाचा बसून राहिला. अखेर दिव्यांगांना कामावर घेणाऱ्या मालकांना त्या कामगारांचा निम्मा पगार सरकारनं द्यायचा, असं विधेयक विधानसभेत मताला आलं. मोबाईलवर ‘होय’चा गजर ऐकला आणि हणमंताला रडूच फुटलं.

महिन्याभरानं मालकांनी त्याला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली.

“हणमंता, तुझ्या कामाला नावं ठेवायला जागा न्हाय. पण सरकारची मदत नव्यानं घेतलेल्या माणसालाच हाय, आन् धंदा तर पार बसलाय. उद्यापासनं तू येऊ नकोस.”

“मग मला काढून नवा म्हणून परत घ्या की, मालक.”

“तसं चालत न्हाय रे. विचारून बघितलं मी.”

भांडावं तरी कुणाशी, हेच हणमंताला कळेना. तो कुबडी टेकत बाहेर आला. मोर्चात कायम त्याच्यासोबत असणारी ऋतुजा तीनचाकी सायकलवरून फाटकातून आत येत होती. त्याला बघताच तिचा चेहरा फुलला.



“दादा, तुमी लढलासा म्हणून मला हितं काम लागलं बगा! आता रोज आपण संगंच की!”