सरकून घेतलेली मंडळी

गावच्या जुन्या कात्रणांचं प्रदर्शन तासाभरात उघडायचं होतं. पुलाच्या उद्घाटनाचा फोटो फ्रेमपेक्षा बोटभर रुंद निघाला, म्हणून ग्रंथपालाने त्याची कड छाटली. मग लक्षात आलं, की कडेला उभे असलेले त्याच्या आत्याचे सासरेच छाटले गेले. आत्या तर खास त्यांनाच बघायला येणार होती. त्याची पाचावर धारण बसली.

तो धावत गोंद घेऊन आला, तर सासरे फोटोत हजर! बाकीची मंडळी अंग चोरून उभी होती आणि नगराध्यक्ष अर्धे खांबाआड गेले होते.

असल्या वेळी फार खोलात जायचं नसतं. त्याने फ्रेम टांगून टाकली.

आत्या आली, खूश झाली. "अगंबाई, मामंजी कसे ऐटीत उभे आहेत!" मग तिने काचेला नाक लावलं. "पण शेजारची खुर्ची कुणासाठी रे?"

मघाशी तिथे खुर्ची नव्हती. मंडळी आणखी सरकली होती आणि मामंजी हातातल्या रुमालाने खुर्ची झटकत होते.

"आत्या, चल, तुला चहा देतो."

"थांब रे, मोठ्या माणसांना ताटकळत ठेवतात का?" आत्याने केस सारखे केले. "एवढी पर्स धर."