कोमट

एकदा अंघोळीला गेलेल्या आईच्या हाताला कढत पाण्याचा चटका बसला. त्या दिवसापासून इलेक्ट्रिशियन लेकाने गिझरचं बटण कोमटवर आणून ठेवलं आणि कुणी हात लावू नये म्हणून वरून चिकटपट्टी मारली.

"अहो, या पाण्याने अंगातली थंडीसुद्धा जात नाही," बायको कुरकुरायची. तो कानाडोळा करायचा. आई मात्र शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगायची, "माझा लेक मला चटका म्हणून लागू देत नाही."

मग आईला ताप भरला, धाप लागली आणि न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं धरली. डॉक्टरांनी घरचं पाणी तपासायला लावलं.

"जंतू तुमच्या गिझरच्या टाकीत वाढले आणि शॉवरच्या तुषारांतून छातीत गेले," ते म्हणाले. "कोमट पाणी त्यांना फार मानवतं. कढत ठेवलं असतं, तर मेले असते."

घरी येऊन त्याने चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. आई काही परत आली नाही.

भेटायला आलेल्या काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "फार चटका लावून गेली रे तुझी आई."