आबांच्या शर्टाचा वास

नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण झुंबरबाईंनी त्याच्या फोटोला एकदाही हार घातला नव्हता. त्याचा राग ऋतुराजच्या डोक्यातनं काही जात नव्हता. आज तो स्वतः बनवलेल्या परफ्यूमची पहिली बाटली घेऊन आला, ती आधी फोटोपुढं ठेवली आणि मग खोक्यावरचा मजकूर आईला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवला.

"मरवा, जाई आणि मऊसर कस्तुरी. लहानपणी, कामाची पाळी संपवून घरी आलेल्या आबांच्या शर्टाला यायचा तो वास!"

"ऱ्हाऊ दे तुझं कौतुक," भाकरी थापता थापता झुंबरबाई म्हणाल्या.

ऋतुराज भडकला. "आबा दारात आले की मी पळत जाऊन बिलगायचो, आणि तू तोंड फिरवायचीस! त्यांचे शर्ट दगडावर बडवबडव बडवायचीस. काय वाईट केलतं गं त्यांनी तुझं?"

रागारागानं त्यानं आईच्या पिठानं माखलेल्या मनगटावरच फवारा मारला. झुंबरबाईंनी मनगट नाकाशी नेलं आणि तशाच बसून राहिल्या. 'तुझ्या नाकालाच रोग हाय,' असं फोटोतला तो माणूस जन्मभर त्यांना ऐकवत आला होता. तव्यावरची भाकरी करपली.

मग त्यांनी ते खोकं उचलून पोराच्या अंगावर भिरकावलं.


"तुझा बा साखर कारखान्यात मळीच्या टाकीवर हुता. त्याच्या शर्टाला जाईचा वास कुठनं यायचा, ते पण लिव की खोक्यावर!"