सर्व्हिस बुक

पोथी मिटून मी खाली गेले, तर आमची जुनी टर्बो गाडी बघायला फुलंब्रीचा शंतनू इम्रानभाई मिस्त्रींना घेऊनच आलेला. इम्रानभाईंनी बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला, वाकून तेलगळती पाहिली. खोट काही सापडेना. मग त्यांनी सर्व्हिस बुक चाळलं आणि शंतनूला बाजूला घेतलं. बोलणं मला ऐकू येतच होतं.

"चार साल झाले, गॅरेजला जाऊन येण्यापलीकडं गाडी फिरली नाय. तरी दर साली नवं ऑईल, ब्रेक खोलून साफ, दोनदा तर टायमिंग बेल्टबी बदलला! चांगल्या गाडीला एवढं कोण करतं? कुछ तो छुपा रहे हैं. नको घेऊ."

शंतनू चावी परत द्यायला आला.

"काकू, खरं सांगा, गाडीत नेमका काय प्रॉब्लेम आहे?"

"काहीच नाही रे बाळा."

"मग दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की हिचं काम का निघतं?"

 

"पितृपक्षात माझ्या लेकाची तिथी असते; खीर-वडे त्याला कधी आवडलेच नाहीत, ही गाडी तेवढी आवडायची."