रिकामी खाच

आमचे हेड नोकरी सोडून गेले, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांची खुर्ची मलाच मिळेल का, एवढंच डोक्यात. तेवढ्यात मॅनेजरसाहेब सर्व्हर रूममध्ये आले.

"कपाटातल्या डिस्क तापायच्या थांबल्या म्हणे. केलंत काय?"

"मधली एक डिस्क काढलेली होती, सर. पंख्याचा सगळा वारा त्या रिकाम्या खाचेतून पळायचा आणि बाकीच्या तापायच्या. तिथे डमी बसवली."

"डमी म्हणजे?"

"नुसतं पोकळ खोकं. काम काही नाही, जागा तेवढी अडवायची."

साहेब त्या खोक्याकडे बघतच राहिले. मग खुशीत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हेड गेल्यापासून आपली माणसंही फार तापलीत हो. उद्यापासून त्यांच्या खुर्चीत तुम्ही बसा."