बारावी जागा

“सर, निकालाच्या प्रोग्रॅममध्ये पास व्हायचे गुण बारा ठिकाणी का लिहिलेत?”

सरांची चूक भर वर्गात काढून दाखवायची मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून जावास्क्रिप्टच्या तासाला रेवतीने पडद्याकडे बोट दाखवून विचारून टाकलं. मागे तिघी खिदळल्या.

धुमाळ सर रागावले नाहीत, नुसते खुर्चीत टेकले. “दर वर्षी घाईघाईत एकेक तुकडा जोडत गेलो, बाळ. यंदा चाळीसचे पस्तीस केले, तेही अकराच ठिकाणी. बारावी जागा नजरेतून सुटली आणि नववीच्या सहा मुली नापास दिसल्या. त्यातली एक कालपासून जेवली नाहीये.”

खिदळणं थांबलं. रेवतीने स्टूल ओढलं. “हे गुण वर एकदाच कॉन्स्टंट म्हणून लिहू, सर. खाली सगळीकडे त्याचं नाव वापरू. मग बदल एकाच जागी.”

संध्याकाळी डोळे चोळत ती घरी पोचली, तर आईबाबा मामाकडे जायची बॅग भरत होते.

“माझे कपडे बाहेर काढा,” ती म्हणाली. “या सुट्टीत आम्ही चौघी लॅबमध्ये बसणार आहोत. निकालाच्या प्रोग्रॅममध्ये असेच आकडे विखुरलेल्या अजून एकोणीस फायली सुधारायच्या उरल्यात, आणि पुन्हा कुणी उगाच नापास झालेलं मला चालणार नाही.”