स्वागताच्या घागरी

“तोटीला कोणी हात लावायचा नाही,” खैरनार साहेब चौथ्यांदा म्हणाले. “मॅडम स्वतः नळ सोडतील. पाणी पडेल, फोटो निघेल, गाड्या जातील. मग काय भरायचं ते भरा.”

सुवर्णा नळाला पाठ लावून उभी होती. नळ तिच्याच दारात, म्हणून राखणही तिच्याकडेच. तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका बँकेच्या कर्जातून कळवणच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीत दारोदार नळ बसले. नळ झकास. दिवाळीला पाणी धो धो, संक्रांतीला करंगळीएवढी धार आणि होळीनंतर नुसती फुसफूस. बँकेची माणसं पाहणीला यायची ती दिवाळीच्या सुमाराला, त्यामुळे सगळं झाकलेलं राहायचं. यंदा मात्र त्यांनी नेमका वैशाख गाठला. योजना सांभाळणाऱ्या खैरनार साहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी सकाळीच टँकर आणून टेकडीवरची टाकी भरून घेतली.

“आणि नळ कोरडा दिसला तर?” सुवर्णानं भीत भीत विचारलं.

“तर बँक म्हणेल, एवढं करून यांचं रडणं चालूच. धरणावरून दुसरी लाईन यायची आहे ना? ती गेली म्हणून समज. कायमची.”

नळ आटला की सगळी वाडी विहिरीवर जाते. विहीर म्हणजे साठ फुटी खड्डा. कडेचे दगड धरत खाली उतरायचं, तळाशी बसून वाटीनं पाणी भरायचं. गेल्या वैशाखात तिची जाऊ दीपमाला त्या दगडांवरून घसरली. ती अजून काठीशिवाय चालत नाही. तेव्हापासून घरातून उतरायची पाळी सुवर्णाची. रोज उतरताना तिचे पाय लटपटतात, आणि हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. धरणाची लाईन आली तरच त्या विहिरीपासून सुटका होती.

गाड्या आल्या. बँकेच्या मॅडम उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या. त्यांचं बोलणं मराठीत सांगायला सोबत नाशिकची शुभांगी होती. मॅडमनी रामराम केला आणि सरळ नळाशी आल्या. तोटी फिरवली. आत नुसती हवा खरखरली. सुवर्णानं मनातल्या मनात सप्तशृंगीला हाक मारली. मग धाडकन पाणी पडलं आणि खालची पत्र्याची बादली वाजली.

त्या आवाजानंच घात केला. वैशाखात वाहतं पाणी ऐकून घरात बसेल अशी बाई त्या वाडीत जन्मली नाही! आधी धावली नवसाबाई, सुवर्णाची सासू. एरवी म्हातारीला खाटेवरून उठवायला दोन माणसं लागतात. तिच्यामागून अख्खी वाडी आली. हंडे, कळशा, घागरी, तेलाचे डबे. एकीनं तर कुकरच आणला. “सरक गं बाई!” “ए, माझा नंबर हाय!” साहेब डोळे वटारत होते, पण डोळ्यांकडे बघतंय कोण! मॅडम धक्का लागून पार ओट्याच्या कडेला गेल्या.

त्यांनी तिथूनच काहीतरी विचारलं. शुभांगीनं सांगितलं, “मॅडम विचारतात, पाणी रोज येतं ना? मग या बायका अशा का धावल्या?”

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला आणि तोंडभर हसले. “त्यांना सांगा, ही आमच्याकडची रीत आहे. पाहुणा दारात आला की सवाष्णी घागरी घेऊन सामोऱ्या जातात. स्वागताला!”

मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी हात जोडले, घागरींचे फोटो काढले. मग फाईल उघडून पेन हातात घेतलं.

गप्प राहिलं की सुटलो, हे सुवर्णाला कळत होतं. साहेबही तिच्याकडेच बघत होते. पण समोर म्हातारी सासू रिकामी घागर कमरेवर घेऊन पाहुणीच्या पुढ्यात उभी, आणि म्हणे स्वागत! वरातीच्या वाटेत अशी घागर आली तर त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. सुवर्णाच्या तोंडून निघून गेलंच.

“रिकाम्या घागरीनं कुणी स्वागत करीत नाय, ताई. भरलेली लागते. ह्या पाण्याला धावल्यात. होळीपासून नळाला थेंब नाय. आजचं पाणी टँकरचं हाय.”

“सुवर्णाबाई!” साहेब ओरडले.

शुभांगी बराच वेळ मॅडमशी बोलत राहिली. मॅडमनी नळाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि पेन मिटून पर्समध्ये टाकलं. संपलं. सुवर्णा ओट्यावर बसली. आपण आपल्या हातानं वाडीला पुन्हा त्या विहिरीत ढकललं, एवढंच तिला दिसत होतं.

“काय केलंस गं पोरी हे!” नवसाबाई रडवेली झाली.

शुभांगी सुवर्णाजवळ येऊन टेकली.

“घाबरू नका, ताई. धरणाची लाईन उन्हाळ्यात नळ आटणाऱ्या वाड्यांसाठीच आहे. साहेबांनी तीन वर्षं ‘पाणी रोज येतं’ असं लिहून पाठवलं, म्हणून तुमची वाडी यादीतून काढायची ठरली होती. मॅडम आज त्याच कागदावर सही करायला आल्या होत्या.”